शिल्पकार करमरकर

भाद्रपद येण्याच्या कितीतरी महिने आधीपासून पेण गावच्या आळीआळींतून शाडूचा ओला वास येऊ लागतो. ओसरीवर, माळ्यावर, अंगणात गणपतीच्या मूर्ती रांगेने मांडलेल्या असतात. कोणी साच्यातून काढलेल्या मूर्तीवरील सांध्याची रेघ घासून काढतो, कोणी सोंड बसवतो, कोणी रंग देतो. सर्वांत शेवटी होते ती डोळ्यांची आखणी. हे काम घरातील जाणत्या कारागिराचे. आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे रंगवलेली माती. बुबुळ रेखले, की ती समोरच्याकडे पाहू लागते.

पेणपासून दक्षिणेकडे गेले की कुंडलिकेच्या काठी रोहे लागते. पश्चिमेकडे धरमतरची खाडी ओलांडली, की अलिबाग तालुका सुरू होतो. हा सारा मुलूख पूर्वी कुलाबा जिल्हा या नावाने ओळखला जाई, इ. स. १९८१ पासून त्यास रायगड जिल्हा म्हणतात. अलिबागहून रेवसकडे जाताना वाटेवर किहीम, आवास अशी नारळी-पोफळींत दडलेली गावे लागतात. त्यांच्यापलीकडे, समुद्राच्या अगदी काठाला सासवणे नावाचे गाव आहे. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांस आदराने नानासाहेब म्हणू लागले.

करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती होत असत. वडील पांडुरंगराव यांच्या हाताला मातीची चांगली ओळख होती. लहानग्या विनायकास खेळणे म्हणून वेगळे काही देण्याची गरज पडली नसावी. माती मळावी, तिला आकार द्यावा, मनास आला नाही तर मोडून पुन्हा गोळा करावा, असा हा खेळ. मातीचा हा एक मोठा गुण आहे. कागदावर चुकलेली रेघ खोडली तरी मागे डाग राहतो. माती मात्र चुकीची आठवण ठेवत नाही.

गणपतीची मूर्ती घडवणे आणि माणसाची मूर्ती घडवणे यांत मात्र मोठे अंतर आहे. गणपतीचे रूप परंपरेने ठरून गेलेले. सोंड, मोदक, लंबोदर पाहिले, की मूर्ती कोणाची हे लहान मुलासही सांगावे लागत नाही. माणसाच्या चेहऱ्याला असा साचा नाही. एकाच घरातील दोन भावांची नाके सारखी असतील, पण त्यांच्या पाहण्यात, ओठ मिटण्यात, मान तोलण्यात फरक असतो. जवळचे माणूस नेमके त्या फरकावरून ओळखले जाते. ज्याला माणसाची प्रतिमा करावयाची आहे, त्याने हा फरक हेरला पाहिजे. मग हातात माती असो, कुंचला असो किंवा कॅमेरा असो.

विनायकास चित्रांचाही नाद होता. गावातील देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे घोड्यावर बसलेले चित्र काढले होते. त्या काळी ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रज अधिकारी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर होते. फिरतीवर असताना ते सासवण्यास आले आणि त्यांच्या दृष्टीस ते भित्तिचित्र पडले. जिल्ह्याच्या कलेक्टराने महसुलाची दप्तरे तपासावी आणि पुढच्या मुक्कामास निघून जावे, अशीच सर्वसाधारण रीत. पण रॉथफील्ड हे कलेचे जाणकार होते. भारतीय स्त्रियांविषयी त्यांनी पुढे एक ग्रंथ लिहिला आणि त्यातील चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली, यावरून त्यांची आवड कळून येते. भिंतीवरचे चित्र कोणी काढले याची त्यांनी चौकशी केली. खेड्यातील एका मुलाचा हा हात आहे, असे कळल्यावर त्यांनी त्यास मुंबईच्या सर जमशेदजी जिजीभाई कलाशाळेत धाडण्याची खटपट केली. राज्यकर्ते परके होते आणि त्यांच्या कारभाराविषयी लोकांच्या मनात रागही होता. तरी या एका अधिकाऱ्याची नजर त्या दिवशी भिंतीवर थांबली नसती, तर पुढची कहाणी निराळी झाली असती, हे मान्य करावयास हवे.

रेवसच्या धक्क्यावरून होडीत बसून मुंबईस जाणे म्हणजे सासवण्याच्या मुलाने दुसऱ्या जगात पाऊल टाकण्यासारखे होते. ही कलाशाळा इ. स. १८५७ मध्ये सुरू झाली होती. तेथे ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांपुढे ठेवून शिक्षण दिले जाई. हाड कोठे आहे, त्यावर स्नायू कसा बसला आहे, कातडी कोठे ताणली व कोठे सैल पडली आहे, हे डोळ्यांनी मोजून हातांनी उतरवावे लागे. याच शाळेत शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी इ. स. १८९६ च्या सुमारास मंदिराकडे निघालेल्या तरुणीचा पुतळा घडवून नाव मिळवले होते. त्यामुळे मराठी मुलगाही मोठा शिल्पकार होऊ शकतो, याचा पुरावा विद्यार्थ्यांपुढे होता. विनायकरावांनी तेथील शिक्षण उत्तम रीतीने पुरे केले आणि मानाचे मेयो पदक मिळवले.

याच सुमारास आपल्याकडे छायाचित्रांचे वेड वाढू लागले होते. मोठ्या शहरांतून छायाचित्रकारांची दुकाने निघाली होती. सुखवस्तू घरांच्या भिंतींवर आजोबांचे, वडिलांचे छायाचित्र चौकटीत टांगलेले दिसू लागले. त्या जुन्या छायाचित्रांतील माणसे एवढी ताठ आणि गंभीर का दिसतात, असा प्रश्न मुलांना नेहमी पडतो. त्याचे कारण यंत्रात होते. आरंभीच्या काळात काचेवर प्रतिमा उमटण्यास काही क्षण लागत आणि तेवढा वेळ माणसाला मुळीच न हलता बसावे लागे. मानेला मागून आधार देण्यासाठी लोखंडी दांडासुद्धा लावीत. अशा स्थितीत हसू कितीसे टिकणार? चेहऱ्यावर उरे ती केवळ न हलण्याची चिंता.

शिल्पकाराचा मार्ग याहून वेगळा. त्याच्यापुढे बसणारा मनुष्य एकदाच येऊन जात नाही. तो पुनःपुन्हा येतो. पहिल्या बैठकीत तो सावरून बसतो आणि जगाला दाखवावयाचा चेहरा पुढे करतो. काही वेळाने त्यास कंटाळा येतो, गप्पा सुरू होतात, घरच्या गोष्टी निघतात, आणि तो आपण कोठे बसलो आहोत हे विसरतो. त्या विसरण्याच्या घटकेला खरा चेहरा वर येतो. जाणता शिल्पकार तोवर कवटीची ठेवण, कपाळाचा उतार, जबड्याची रुंदी एवढेच मातीत बसवून घेतो आणि ओठांना व डोळ्यांना शेवटपर्यंत हात लावीत नाही. चांगला छायाचित्रकारही असाच वाट पाहतो. फरक एवढाच, की त्याला ती घटका एका क्षणात टिपावी लागते, तर शिल्पकाराला ती अनेक दिवसांतून गोळा करावी लागते.

उजेडाची गोष्टही दोघांना सारखीच लागू पडते. चेहऱ्यावर समोरून सरळ उजेड पडला, की नाक-गाल-कपाळ एका पातळीवर आल्यासारखे सपाट दिसतात. तोच उजेड बाजूच्या खिडकीतून, किंचित वरून आला, म्हणजे नाकाची सावली गालावर पडते, डोळ्यांच्या खोबणी खोल होतात आणि चेहऱ्याला उंचसखलपणा येतो. कांस्याच्या किंवा दगडाच्या पुतळ्याला तर रंगाचा आधार नसतो. पेणच्या कारागिराने काळ्या रंगाने बुबुळ रेखावे, तशी सोय तेथे नाही. म्हणून शिल्पकार बुबुळाच्या जागी लहानसा खळगा कोरतो. त्या खळग्यात सावली साठते आणि दुरून पाहणाऱ्यास ती सावली काळ्या बुबुळासारखी भासते. पुतळ्याची नजर खरोखर सावलीची केलेली असते!

शिक्षण संपल्यावर विनायकराव कलकत्त्यास गेले. रवींद्रनाथ ठाकूर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांनी त्यांस प्रोत्साहन दिले. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीत असून त्यांची बरीच वर्षे मुंबई इलाख्यात गेली होती. त्यामुळे या कुटुंबास मराठी मुलूख परका नव्हता. कलकत्ता हे तेव्हा नव्या कलाविचारांचे माहेरघर मानले जाई. तेथे विनायकरावांनी आपली कर्मशाळा थाटली व व्यक्तींचे पुतळे घडवण्यात लौकिक मिळवला.

नाव झाले, कामे मिळू लागली. अनेकजण येथेच थांबले असते. पण विनायकरावांना आपले उणे ठाऊक होते. मातीचे काम हाती बसले असले, तरी पुतळा टिकतो तो धातूत. धातूचे मोठे ओतीव काम पाहावे आणि जगातील श्रेष्ठ शिल्पे प्रत्यक्ष पाहावी, या हेतूने इ. स. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांनी अध्ययन केले, ओतकामाची माहिती करून घेतली, आणि युरोपातील शिल्पेही पाहिली. इ. स. १९२३ मध्ये ते परतले. थोड्याच काळाने कलकत्ता सोडून त्यांनी मुंबईस आपले ठाणे केले.

आणि येथे देवळाच्या भिंतीवरचा तो घोडेस्वार त्यांच्या आयुष्यात पुन्हा आला.

शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक पुण्यास व्हावे, अशी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची मोठी इच्छा होती. त्यांच्या प्रयत्नाने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. परंतु पुढल्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांचे देहावसान झाले. काम मागे पडले. तथापि सोडून दिले गेले नाही. अखेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवण्याची कामगिरी करमरकरांवर येऊन पडली.

ही कामगिरी किती अवघड होती, याचा थोडा विचार करावयास हवा. हयात मनुष्याचा पुतळा करताना तो समोर येऊन बसतो. मनुष्य हयात नसेल, तर घरचे लोक त्याचे छायाचित्र आणून देतात. छायाचित्रातून एकच बाजू दिसते. नाक किती पुढे आले होते, कानामागे मानेची ठेवण कशी होती, हे त्यात कळत नाही. तेव्हा नातेवाईकांना विचारून, मुलाच्या नाहीतर भावाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून शिल्पकार वाट काढतो. शिवाजी महाराजांच्या बाबतीत यांतले काहीच शक्य नव्हते. त्यांना जाऊन अडीचशे वर्षे होत आली होती. त्यांच्या काळातील काही लहान चित्रे होती, पण ती बहुधा एका बाजूने काढलेली. आणि तीही तोवर सर्वसामान्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नव्हती. इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेले महाराजांचे चित्र घरोघर पोहोचले, ते पुढल्या दशकात.

दुसरीकडे, महाराष्ट्रातील प्रत्येकाच्या मनात महाराजांचे एक रूप ठरलेले होते. पोवाड्यांतून, आजीच्या गोष्टींतून, किल्ल्यांवरच्या वाऱ्यातून ते रूप घडले होते. नातेवाइकांस पसंत पडेल असा पुतळा करणे कठीण असतेच. येथे तर लाखो नातेवाईक होते. त्यातील एकानेही पुतळ्यापुढे उभे राहून हे आमचे महाराज नव्हेत असे म्हणू नये, ही शिल्पकाराची खरी परीक्षा होती. नाक-डोळ्यांचे साम्य येथे अपुरे पडणार होते. बसण्यातील आत्मविश्वास, लगाम धरलेल्या हातातील सहजता आणि दूरवर लागलेली दृष्टी यांतून मनुष्य ओळखू यावा लागणार होता.

मातीचा एवढा मोठा पुतळा आपल्या भाराने ढासळतो. म्हणून आत लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा उभारावा लागतो. मातीचे काम मनाजोगे झाले, की त्यावरून प्लास्टरचा साचा घेतात. त्यानंतर ओतकाम. वितळलेला कांस्य हजार अंशांच्या वर तापलेला असतो. साच्यात कोठे ओल राहिली, तर तिची वाफ होऊन साचा फुटतो. रस ओतताना मध्येच खंड पडला, तर पुतळ्यास भेग जाते. या भीतीमुळे मोठे पुतळे बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात. करमरकरांचा पुतळा मात्र एकसंध ओतलेला म्हणून नावाजला गेला. पुतळ्याची उंची सुमारे साडेतेरा फूट आणि वजन सुमारे आठ टन. मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम झाले. महिनोन्‌महिने केलेली मेहनत त्या थोड्या वेळात एक तर सुफळ व्हावयाची, नाहीतर भट्टीजवळच संपावयाची, अशी ती घटका होती. साचा फोडल्यानंतर आतून घोडा व स्वार अखंड बाहेर आले, तेव्हा त्या कामावर राबलेल्या ओताऱ्यांना, हमालांना आणि स्वतः शिल्पकारास काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे हा आठ टनांचा भार आगगाडीने घाट चढून पुण्यास न्यावयाचा होता. बोरघाटातून जाणाऱ्या लोहमार्गावर बोगद्यांमागून बोगदे आहेत. एवढी उंच वस्तू त्यांतून सुखरूप नेणे हेही एक संकटच. पण तेही पार पडले. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. महाराष्ट्रात त्यानंतर महाराजांचे कितीतरी पुतळे उभे राहिले. परंतु घोडा आणि स्वार यांचा असा तोल त्यांपैकी फार थोड्यांना साधला आहे.

यानंतर करमरकरांना कामाचा तोटा पडला नाही. राजेमहाराजे, देशभक्त, दानशूर व्यापारी यांचे पुतळे त्यांनी घडवले. त्यांच्या शंख फुंकणाऱ्या पुरुषाच्या शिल्पास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. फुगलेले गाल, ताणलेली मान, भरलेली छाती यांमुळे ते शिल्प पाहताना शंखाचा नाद ऐकू येतो की काय, असा भास होतो. इ. स. १९६४ मध्ये ललित कला अकादमीने त्यांस आपले सन्माननीय सदस्यत्व दिले.

परंतु मागणी येईल तेवढेच काम करावे, असा त्यांचा स्वभाव नव्हता. मोठ्या माणसाच्या पुतळ्यासाठी पैसे देणारी समिती असते. कोळणीच्या पुतळ्यासाठी कोण समिती नेमणार? तरी सासवण्याच्या किनाऱ्यावर लहानपणापासून पाहिलेली कोळी माणसे, कष्टकरी स्त्री-पुरुष, घराभोवती वावरणारी जनावरे त्यांना स्वस्थ बसू देईनात. कांस्य महाग, म्हणून त्यांनी सिमेंटचा मार्ग धरला. सिमेंट म्हणजे पूल आणि पायऱ्या बांधण्याचा रुक्ष माल, अशीच लोकांची समजूत. पण तारेच्या सांगाड्यावर ते थराथराने चढवले आणि ओले आहे तोवर हात चालवला, तर त्यातही कातडीचा मऊपणा आणता येतो. मात्र ते मातीसारखे क्षमाशील नाही. एकदा घट्ट झाले की चूक कायमची. ज्याचे डोळे आधीच सर्व पाहून ठेवतात, त्याच्याच हाती ते वश होते.

१३ जून १९६७ रोजी करमरकरांचे निधन झाले. सासवण्याचे त्यांचे घर आता शिल्पालय झाले आहे. रेवसकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आत शिरले, की ओळीने चेहरेच चेहरे दिसतात. नामवंतांच्या शेजारी निनावी माणसे आहेत. त्यांच्या आसनांत उंच-नीच भाव दिसत नाही, आणि कोणाचा चेहरा अधिक काळजीने घडवला असेल, हे सांगणेही कठीण आहे. सकाळी गेलेला पाहुणा दुपारी पुन्हा त्याच पुतळ्यापुढे उभा राहिला, तर त्यास तो किंचित बदललेला वाटतो. कारण मधल्या वेळात ऊन सरकलेले असते आणि गालावरची सावली दुसरीकडे गेलेली असते. हल्ली तेथे येणारी मुले आपापल्या यंत्रांतून पुतळ्यांची छायाचित्रे घेतात. जी घाईने समोर उभी राहून घेतात, त्यांना सपाट चेहरा मिळतो. जी दोन पावले बाजूस सरकून, थोडे वाकून, पुतळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, त्यांच्या छायाचित्रात पुतळा त्यांच्याकडे पाहू लागतो.

या घराच्या आवारात सिमेंटची एक म्हैस आहे. पाठीचा उंचवटा, कातडीच्या वळ्या, संथ पाहणे, सारे जेथल्या तेथे. सासवण्याच्या वाटेवर अशा म्हशी रोज जातात. नवखा मनुष्य फाटकातून आत येतो आणि ती वाट देईल म्हणून क्षणभर तिच्यापुढे थांबतो.